पुराचा धोका माहीत असूनही लोक घर का सोडत नाहीत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भूगोलाच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी तुम्ही नदीकाठच्या ६० घरांतून प्रश्नावली भरून घेतली. 'तुमच्या घराला पुराचा धोका किती वाटतो?' याला बहुतेकांनी ५ पैकी ४ किंवा ५ गुण दिले. पण मागच्या पुरात इशारा मिळूनही निम्म्याहून जास्त घरांतली माणसं जागची हलली नव्हती. हे दोन आकडे एकत्र कसे मांडायचे आणि 'लोकांमध्ये जागरूकतेचा अभाव आहे' असा निष्कर्ष काढला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

तो निष्कर्ष लिहू नका. तुमच्याच आकड्यांनी तो खोडून काढलाय. ज्याने पाचपैकी पाच गुण दिले, त्याला आणखी जागरूक करायचं म्हणजे काय करायचं? मी गेली बावीस वर्षं पूर, दरडी आणि वादळांच्या तडाख्यात सापडलेल्या वस्त्यांमध्ये मुलाखती घेतो आहे. सुरुवातीच्या एका अहवालात मी नेमकं हेच वाक्य लिहिलं होतं. ते मला आजही बोचतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. माणसाला धोका किती मोठा वाटतो, हा एक. पाणी चढत असताना त्याने काय केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप कळेल असं आपण धरून चालतो, आणि तिथेच घसरतो. गिसेला वाखिंगर, ओर्टविन रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना हीच विसंगती ठिकठिकाणी दिसली: धोक्याची जाणीव भरपूर, तयारी मात्र तुटपुंजी. त्यांनी याची तीन कारणं दिली. काहींना धोका मान्य असतो, पण तिथे राहण्याचे फायदे त्यांना जास्त मोलाचे वाटतात. काहींना वाटतं की यावर उपाय करणं हे सरकारचं काम आहे, आपलं नाही. आणि काहींना सगळं कळतं, पण करायला हातात काही नसतं. तुमच्या साठ घरांत या तिन्ही तऱ्हांची माणसं असणार. पाच गुण देताना ती सगळी सारखीच दिसतात.

हा विषय उभा राहिला तोच अशा कोड्यातून. गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलतज्ज्ञांनी १९४२ साली शिकागो विद्यापीठात माणूस पुराशी कसं जुळवून घेतो यावर प्रबंध सादर केला. तोवर पूर म्हणजे अभियंत्यांचा प्रांत: धरण बांधा, काठाला बंधारे घाला. व्हाइट यांचा सवाल होता की एवढं बांधूनही नुकसान कमी का होत नाही. बंधाऱ्यामागे निर्धास्त वाटतं, म्हणून तिथे घरं वाढतात. मग कधीतरी बंधारा ओलांडणारं पाणी येतं आणि पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वाहून जातं. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट केट्स यांनी १९६२ सालच्या अभ्यासात पूरक्षेत्रातल्या लोकांशी बोलून एक गोष्ट दाखवली, आणि ती मला दर वेळी नव्याने पटते: माणूस पुढच्या पुराची कल्पना आधी पाहिलेल्या पुरावरूनच करतो. पाहिलेल्यापेक्षा मोठा पूर त्याच्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. एका वस्तीत साठीचे एक गृहस्थ होते. प्रश्नावलीत त्यांनी धोक्याला पाच गुण दिले होते आणि पुराच्या रात्री मात्र सगळं कुटुंब घरातच राहिलं होतं. पहाटे बोटीने काढावं लागलं. माझ्या तक्त्यात ते 'जाणीव आहे, कृती नाही' या रकान्यात गेले. दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्यांच्याकडे पुन्हा गेलो, तेव्हा हातात प्रश्नावली नव्हती. मी एवढंच म्हटलं, "काका, त्या दिवशी दिवेलागणीपासून काय काय झालं ते सांगा." ते दीड तास बोलत होते.

घराला सात दगडी पायऱ्या होत्या. पाणी चौथीच्या वर चढत नाही असं त्यांचे वडील सांगायचे, आणि त्यांनी स्वतः पाहिलेल्या दोन्ही पुरांत ते चौथीवरच थांबलं होतं. रात्री आठच्या सुमाराला भोंगा लावलेली गाडी गेली: सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. त्यांच्या खालच्या अंगाला आणखी तीन घरं होती. सखल भाग म्हणजे ती तीन घरं, असं त्यांनी धरलं. तरी ते उतरून तिकडे बघून आले. ती माणसंही दारात उभी राहून पाणी बघत होती. मग मुलीला फोन लावला. ती म्हणाली, टीव्हीवर तर भलत्याच गावाचं दाखवतायत. मुलगा कामावरून यायचा होता आणि तो आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं सुनेने ठरवलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. साडेदहाला मुलगा आला तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीवर होतं, घर कोरडं होतं. पण वस्तीतून बाहेर पडायची एकुलती एक वाट मध्येच ओढ्यापाशी खाली उतरते, ती केव्हाच बुडाली होती. मुलगा स्वतः कमरेएवढ्या पाण्यातून आला होता. आईला उचलून त्या पाण्यातून न्यायची कोणाची हिंमत झाली नाही. रात्री दोनला पाणी सातवी पायरी ओलांडून आत शिरलं, तेव्हा त्यांनी आईला माळ्यावर चढवलं.

घरातल्या सगळ्यांचे डोळे संध्याकाळपासून पायऱ्यांवर लागले होते. वाटेकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

या माणसाने त्या रात्री अडीच तासांत किती गोष्टी केल्या ते मोजा. इशारा ऐकला, तो आपल्याला लागू आहे का याचा विचार केला, शेजारी काय करतायत ते पाहिलं, फोनवर खातरजमा केली, घरच्यांची मोट बांधली. माझ्या तक्त्याने या सगळ्याला 'कृती नाही' असं नाव दिलं होतं.

डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी १९९० साली इशाऱ्यांवरच्या संशोधनाचा जो मोठा आढावा घेतला, त्यात हाच क्रम आहे. इशारा कानावर पडतो, समजतो, पटतो, तो आपल्यासाठीच आहे असं वाटतं, मग माणूस खात्री करतो आणि शेवटी काहीतरी ठरवतो. प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस अडकू शकतो. खातरजमा करणं हा सुशिक्षित-अशिक्षित असा भेद न करणारा मानवी स्वभाव आहे. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतल्या जॉप्लिन शहरावर चक्रीवात (टॉर्नेडो) आदळला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथे भोंगे आधी वाजले होते. पण नंतर झालेल्या सरकारी पाहणीत दिसलं की बहुतेकांनी पहिल्या भोंग्यावर आसरा घेतला नाही. दुसरीकडून काहीतरी कळेपर्यंत, कुणी आभाळाकडे बघून खात्री करेपर्यंत, ते थांबले. भोंगा वाजला आणि काहीच झालं नाही, असं तिथे आधी बऱ्याचदा घडलं होतं.

म्हणजे तुमचं काम सोपं झालं असं नाही, पण ते आता कुठे आहे ते कळतं. 'का गेला नाहीत?' याऐवजी 'कुठल्या टप्प्यावर थांबलात?' हे शोधायचं आहे.

आता एक गोष्ट जी तुमच्या मार्गदर्शकांनी बहुधा विचारलेली नाही, पण तोंडी परीक्षेत कोणीतरी नक्की विचारेल. तुमची प्रश्नावली पुराच्या आधी भरली होती की नंतर? तुमच्या लिहिण्यावरून ती नंतरची दिसते. तसं असेल तर ते ४ आणि ५ गुण पूर पाहून झालेल्या माणसांचे आहेत. त्या संध्याकाळी त्यांना काय वाटत होतं, ते त्यावरून कळत नाही. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून दाखवलं की एखाद्या घटनेचा शेवट कळला की 'हे होणार हे आम्हाला आधीपासून दिसत होतंच' असं माणसाला मनापासून वाटू लागतं. तो खोटं बोलत नसतो, त्याची आठवणच बदललेली असते. तेव्हा हा आकडा प्रबंधात जरूर द्या, पण 'पुरानंतरची धोक्याची जाणीव' असं त्याच्यावर स्पष्ट लिहून द्या. पुराच्या रात्रीच्या वागण्याचं कारण म्हणून तो वापरू नका.

त्याच ओघात प्रश्नाच्या शब्दांबद्दल. काळाची मुदत न देता 'धोका किती?' विचारलं तर कोणी या वर्षाचा विचार करतो, कोणी आयुष्यभराचा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. ऐकायला नगण्य. पण त्याच घरात ३० वर्षं राहिलात तर तो पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. कार्मेन केलर, मिखाएल सीग्रिस्ट आणि हाइंट्स गुटशर यांनी २००६ साली दाखवलं की हाच धोका मोठ्या मुदतीत सांगितला की लोकांना तो जास्त वाटतो. तुम्ही मुदत दिली नसेल तर तसं लिहा. प्रबंधात मर्यादा लिहिल्याने तुमचं वजन कमी होत नाही.

परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे, तेही मोकळेपणाने सांगतो. पहिलं म्हणजे पूर कसला. मोठ्या नदीचं पाणी तासातासाने चढतं, तिथे वेळ असतो आणि प्रश्न निर्णयाचा असतो. अरुंद खोऱ्यातला लोंढा काही मिनिटांत येतो, तिथे प्रश्न दिशेचा असतो. ईव्ह ग्रंटफेस्ट यांचं काम याबाबत जरूर वाचा. ३१ जुलै १९७६ च्या रात्री अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये बिग थॉम्प्सन नदीच्या घळीत काही तासांत ३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. सुट्टीचे दिवस होते, घळीत पर्यटकांची गर्दी होती. १४० हून जास्त माणसं मेली. ग्रंटफेस्ट तेव्हा विद्यार्थिनी होत्या, तुमच्यासारख्याच. वाचलेल्यांनी आणि मेलेल्यांनी त्या रात्री काय काय केलं होतं, हे त्यांनी घटना जोडत जोडत उभं केलं. त्यातून जे निघालं ते अंगावर येणारं होतं. गाडीत बसून घळीतून बाहेर पडायची धडपड करणारे अनेक जण वाहून गेले. गाडी टाकून शेजारच्या उतारावर थोडंसं वर चढलेले वाचले.

म्हणजे तिथे 'निघून गेले' या रकान्यात मेलेली माणसं होती. तुमच्या तक्त्यात घर सोडणं म्हणजे योग्य आणि न सोडणं म्हणजे अयोग्य, अशी विभागणी केली असेल तर ती एकदा तपासा. माझ्या त्या गृहस्थांनी साडेदहाला आईला खांद्यावर घेऊन ओढ्यात पाय घातला असता तर? ग्रंटफेस्ट यांच्या त्या कामानंतर तशा घळींच्या रस्त्यांवर पाट्या लागल्या: पूर आला तर वर चढा. किती छोटं वाक्य, पण काय करायचं ते त्यात आहे. 'सखल भागातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी' या वाक्यात सखल भाग कुठला, सुरक्षित स्थळ कुठलं आणि किती वाजेपर्यंत, यातलं काहीच नाही.

दुसरं, इशारा देणाऱ्यावरचा विश्वास. फसव्या इशाऱ्यांमुळे, म्हणजे इशारा दिला आणि काहीच झालं नाही असं वारंवार घडल्यामुळे, लोक ऐकेनासे होतात, असं सर्रास लिहिलं जातं. पुरावा मात्र एका बाजूचा नाही. १९९६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे बर्था आणि फ्रॅन ही चक्रीवादळं पाठोपाठ आली. तेव्हाच्या अभ्यासात कर्स्टिन डाऊ आणि सुसान कटर यांना आढळलं की आधीच्या फसव्या इशाऱ्याने लोकांच्या पुढच्या निर्णयावर फारसा फरक पडला नव्हता. उलट केव्हिन सिमन्स आणि डॅनियल सटर यांना चक्रीवातांच्या बाबतीत दिसलं की जिथे फसवे इशारे जास्त, तिथे जीवितहानीही जास्त. तुमच्या वस्तीत काय घडतं ते तिथेच विचारून ठरवा.

विश्वास उलट्या बाजूनेही घात करतो. इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ च्या आरंभी कित्येक आठवडे भूकंपाचे लहान धक्के बसत होते. धक्का बसला की घराबाहेर पडायचं आणि रात्र उघड्यावर काढायची, ही तिथल्या अनेक कुटुंबांची पिढ्यांची रीत होती. मार्चअखेर तज्ज्ञांची बैठक झाली आणि काळजीचं कारण नाही असा निरोप अधिकाऱ्यांकडून लोकांपर्यंत पोचला. ५ एप्रिलच्या रात्री धक्का बसला तेव्हा काही कुटुंबं त्या भरवशावर घरातच थांबली. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला. एकूण ३०९ माणसं गेली. तिथे लोकांची स्वतःची समज शहाणी होती, दिलासा चुकीचा होता. म्हणून 'लोकांचा गैरसमज' हा शब्द लिहिण्याआधी थांबावं, असं मला फार वाटतं.

तिसरं, साधनं. घरात गाडी आहे का, झोपून असलेलं माणूस आहे का, जनावरं आहेत का, उंचावर नातेवाईक आहेत का, ज्याचं ऐकलं जातं तो माणूस त्या वेळी घरात होता का. हे तुम्ही ६० घरांत विचारलं असेल तर तुमच्या हातात सोनं आहे. घर सोडणं-न सोडणं याचा तक्ता धोक्याच्या गुणांशी लावून बघा आणि मग या गोष्टींशी लावून बघा. मायकेल लिंडेल आणि रॉनल्ड पेरी यांनी लोकांच्या बचावात्मक निर्णयांची जी मांडणी केली आहे, तिचा आधार तुम्हाला इथे घेता येईल. तीत धोक्याची जाणीव हा अनेक घटकांपैकी एक आहे. बाकीचे असे: समोर दिसणाऱ्या खुणा, इतरांचं वागणं, निरोप देणारा कोण, उपाय कितपत जमण्यासारखा वाटतो, आणि वाटेतले अडथळे.

विचारलं नसेल, तर सगळ्या ६० घरांत परत जायची गरज नाही. बारा-पंधरा घरं पुरेत, पण प्रत्येक ठिकाणी दोन तास द्या. 'का गेला नाहीत?' हे शब्द तोंडातून काढू नका. ते आरोपासारखे लागतात आणि मग माणूस चारचौघांत शोभेल असं कारण देतो. बहुतेक वेळा ते चोरीची भीती हेच असतं. ती खोटी नसते, पण ती सगळ्यात आधी सुचते म्हणून आधी येते. त्याऐवजी घड्याळाच्या क्रमाने जा. पहिल्यांदा पाण्याचं कुठून कळलं? तेव्हा घरात कोण कोण होतं? मग काय केलंत? आणि एक प्रश्न जो मला नेहमी उपयोगी पडलाय: "त्या वेळी निघायचं म्हटलं असतं, तर काय काय करावं लागलं असतं?" यावर लोक जी यादी सांगतात तिच्यात तुमचा अर्धा प्रबंध असतो. कागदावर घर, वाट आणि पाणी त्यांच्याच हाताने काढून घ्या. ओढ्याचा तो उतार मला अशाच एका चित्रात पहिल्यांदा दिसला.

बायकांशी वेगळं बोला. दारात येऊन उत्तर देणारा पुरुष घराचा निर्णय स्वतःचा म्हणून सांगतो. स्वयंपाकघरात बसून विचारलं की कळतं, सामान दुपारीच कोणी बांधून ठेवलं होतं. आणि एखादं माणूस बोलता बोलता गप्प झालं तर वही मिटा. ज्यांनी पूर भोगलेला नाही त्यांना पूर म्हणजे भिजलेलं सामान आणि चिखल वाटतो. भोगलेल्यांना आठवते ती असहायता आणि भीती. सीग्रिस्ट आणि गुटशर यांना २००५ च्या पुरानंतर स्वित्झर्लंडमध्ये नेमका हाच फरक दिसला होता. तुम्ही त्या रात्रीबद्दल विचारता तेव्हा ती माणसं पुन्हा तिथे जाऊन येतात, याचं भान ठेवा.

शेवटचं, आणि हे मी स्वतः फार उशिरा शिकलो. सुरुवात जी घरं वेळेत निघाली त्यांच्यापासून करा. न गेलेल्यांवर ढीगभर लिहिलं जातं, गेलेल्यांना कोणी विचारत नाही. इंडोनेशियातल्या सिमेलुए बेटाचं उदाहरण घ्या. तिथे १९०७ साली त्सुनामी आली होती आणि तिची गोष्ट 'स्मोंग' या शब्दात घराघरांतून जपली गेली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला ते बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं. तिथल्या सुमारे ७८,००० लोकांपैकी त्सुनामीत फक्त ७ जण दगावले. त्या गोष्टीत भीती किती आहे हे कोणी मोजलं नसेल, पण खूण कोणती आणि पळायचं कुठे, हे दोन्ही तिच्यात आहे. तुमच्या वस्तीतल्या निघून गेलेल्या घरांकडेही अशी एखादी खूण असू शकते. पायरी असेल, ओढ्यावरचा दगड असेल, कोणा म्हाताऱ्या बाईचा शब्द असेल. 'आता निघायचं' हे घरात पहिल्यांदा कोण म्हणालं आणि ते कशावरून म्हणालं, हे विचारा. आणि या मुलाखती पुढचा पाऊस लागायच्या आत उरका. नवं पाणी आलं की जुन्या रात्रीच्या आठवणी त्यात मिसळतात, मग वेगळ्या काढता येत नाहीत.